घरातलं माणूस बाबाच्या कह्यात जातंय असं वाटलं तर काय करायचं

बाबा खरा की भोंदू यावर घरात वाद घालत बसू नका. हे आधीच सांगून टाकते कारण बहुतेक घरांत सुरुवातच तिथून होते. जेवताना टीव्हीवर कुठल्यातरी महाराजाच्या अटकेची बातमी लागते, कोणीतरी म्हणतं "बघ, तुझा पण असाच निघणार", समोरचं ताट अर्धं राहतं आणि पुढे कित्येक महिने त्या विषयावर घरात कोणी बोलत नाही. वाद जिंकलात तरी उपयोग नाही कारण प्रचिती ज्याची त्याला आलेली असते, घरातल्या त्या बाईचा गुडघा त्या गुरुवारी दुखायचा थांबला म्हणजे थांबला, तो गोळ्यांनी थांबला हे सांगणारे तुम्ही कोण. आणि गटात आधीच सांगून ठेवलेलं असतं की घरचे विरोध करतील, ती तुमची परीक्षा आहे. म्हणजे तुम्ही आवाज चढवलात की बाबाचं भाकीत आयतंच खरं ठरलं.

म्हणून श्रद्धा बाजूला ठेवायची आणि व्यवहार बघायचा. देव कुठला, मंत्र कुठला, देव्हाऱ्यात फोटो कोणाचा, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. पैसे कुठे जातात, झोप किती मिळते, कोणाशी बोलायला बंदी आहे, प्रश्न विचारला तर काय होतं आणि सोडून जायचं म्हटलं तर काय होतं, एवढंच बघायचं. आणि हे फक्त भगव्या कपड्यातल्या लोकांबद्दल नाहीये. प्रार्थनेने कॅन्सर बरा करणारे पास्टर, ताईत देणारे, लॅपटॉप घेऊन हॉटेलच्या हॉलमध्ये 'एनर्जी'चं शिबिर घेणारे सर, सगळ्यांना हीच पट्टी लावा. उलट एखादा साधा माणूस रोज चार तास पूजा करतो, सगळे उपास करतो, पण ऑफिसला जातो, बहिणीच्या पोराच्या बारशाला येतो आणि बँकेचं पासबुक स्वतःच्या कपाटात ठेवतो, तर त्याला सोडून द्या, त्याची ती आवड आहे.

आधी 'नाही' म्हणून बघायला लावा

सगळ्यात सोपी आणि फुकटातली टेस्ट. बोलण्याच्या ओघात सुचवायचं की या गुरुवारी नको जाऊस ना, मावशीकडे जाऊया. एवढंच. आणि मग काय होतं ते बघायचं.

वारीचं उदाहरण घ्या. आळंदीहून पालखीबरोबर निघालेल्या माणसाचे दिवे घाट चढून पाय सुजले आणि तो सासवडहून एसटी पकडून घरी आला तर दिंडीतलं कोणी त्याच्या दारात येऊन बसत नाही, विठ्ठल कोपेल असं कोणी म्हणत नाही, फार तर पुढच्या वर्षी "काय बुवा, यंदा तरी पंढरपूरपर्यंत येताय ना" म्हणून चेष्टा होईल. गाडगेबाबा तर सांगायचे की माझा कोणी शिष्य नाही. धर्मशाळा बांधल्या, स्वतः खराटा घेऊन पुढच्या गावाला गेले. म्हणजे आपल्याकडे मोकळं सोडणारी परंपरा काही कमी नाहीये, त्यामुळे "गुरू म्हटलं की हे असं असतंच" हे ऐकून घेऊ नका.

कह्यात ठेवणाऱ्या गटात एका गैरहजेरीवर त्याच संध्याकाळी दोनतीन फोन येतात. आवाज गोड असतो. "ताई, काल दिसला नाहीत, गुरूंनी स्वतः विचारलं." दुसऱ्या वेळी दोघी घरी येतात, प्रसाद घेऊन. तिसऱ्या वेळी कोणीतरी सहज सांगतं की अमक्यांनी सेवा सोडली आणि महिनाभरात त्यांच्या मुलाचा ॲक्सिडेंट झाला. धमकी कोणी दिली का? नाही. पण त्या रात्री झोप लागत नाही आणि पुढच्या गुरुवारी पाऊल आपोआप तिकडे वळतं.

तुम्ही स्वतःच अशा ठिकाणी जात असाल आणि मनात कुठेतरी खटकत असेल तर हीच टेस्ट स्वतःवर करा. पावती मागा. एक आठवडा जाऊ नका. एखादी छोटी सेवा नाकारा. एवढ्यानेच पोटात गोळा येत असेल तर तो गोळा कुठून आला याचा शांतपणे विचार करा.

पकड बसते कशी

हे समजून घेतलं की घरच्या माणसाचा राग येणं कमी होतं, आणि राग कमी झाल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही.

सुरुवातीला लाड होतात. माणूस तिथे पोचतो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी अडलेलं असतं, नवरा गेलेला, नोकरी गेलेली, मूल होत नाहीये, पोरगं व्यसनात. आणि तिथे पहिल्यांदा कोणीतरी त्याचं पूर्ण ऐकून घेतं, नावाने हाक मारतं, वाढदिवस लक्षात ठेवतं. आपण घरच्यांनी ते शेवटचं कधी केलं होतं हेही जरा आठवून बघा. हे लाड खोटे असतात असं मी म्हणणार नाही, करणारे सेवेकरी बऱ्याचदा मनापासूनच करतात, त्यांनाही ते तसेच मिळालेले असतात.

मग हळूहळू एक पेच बसतो. चांगलं झालं तर ती गुरूंची कृपा आणि वाईट झालं तर तुझी श्रद्धा कमी पडली. या हिशोबात गुरू कधी चुकूच शकत नाही. दहावीला पोराला नव्वद टक्के पडले तर पेढे तिकडे, नापास झाला तर आईने पारायणात खंड पाडला होता. त्यात शंका आली तर शंका हाच आजार ठरतो, "तुझा अहंकार बोलतोय, नामस्मरण वाढव". नामस्मरणात काही वाईट नाही हो, पण प्रश्न दाबायचं बटण म्हणून ते वापरायला लागले की माणूस स्वतःच्या डोक्यातल्या आवाजालाच घाबरायला लागतो.

त्यानंतर गुपितं. गुरूंपासून काही लपवायचं नाही असं सांगून सगळं काढून घेतात, लग्नाआधीचं प्रकरण, नवऱ्याच्या दोन नंबरच्या पैशाबद्दल, सासूबद्दल बोललेलं. बोलताना हलकं वाटतं, खोटं नाही ते. पण हे सगळं तिथे कोणाच्या तरी लक्षात, कधीकधी वहीत आणि आजकाल मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये राहतं, आणि सोडायची वेळ आली की त्याची आठवण करून दिली जाते. बाहेर पडलेले लोक वर्षानुवर्षं गप्प बसतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं, आणि आपण बाहेरून म्हणतो की इतकं वाईट होतं तर तेव्हाच का नाही बोलली.

बाकीचं पटापट सांगते. पहाटे तीनला उठून सेवा आणि रात्री अकरापर्यंत सत्संग, म्हणजे झोप गेली, आणि झोप गेली की कोणाचंही डोकं मऊ होतं. लग्न, नोकरी, घर, ऑपरेशन, सगळ्याला 'आज्ञा' घ्यायची. घरचे म्हणजे माया, मोह, मागे खेचणारे. जुने मित्र सुटले. आता सगळी माणसं एकाच गटातली, मग सोडून जायचं तर एका दिवसात सगळंच सोडायचं.

शिकलेले लोक कसे काय फसतात हा प्रश्न तर विचारूच नका. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोमध्ये ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी सरीन हा विषारी वायू सोडला, तो सोडणाऱ्यांत एक चांगला नावाजलेला हार्ट सर्जन होता, बाकीच्यांत विज्ञान शिकलेले लोक होते. याच पंथात गुरूच्या अंघोळीचं पाणी पैसे घेऊन विकलं जायचं. आपल्या पुण्यातून १९८१ ला अमेरिकेतल्या ओरेगनला गेलेल्या रजनीशांच्या, म्हणजे ओशोंच्या, मंडळींतही वकील, डॉक्टर, इंजिनिअर भरपूर होते, आणि तिथेच १९८४ मध्ये स्थानिक निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून आतल्या काहींनी द डॅल्स नावाच्या गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले, ७५१ लोक आजारी पडले. वर्षभराने खुद्द रजनीशांनी पत्रकारांना बोलावून सगळा दोष सेक्रेटरी शीलावर टाकला. कोणाचा दोष किती ही चर्चा तिकडची मंडळी अजून करतात, आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की सॅलडवर जंतू शिंपडायला गेलेल्यांनी शिक्षण कुठे कमी घेतलं होतं? शिकलेला माणूस उलट स्वतःला जास्त चांगलं पटवून देऊ शकतो.

बोलायचं कसं

धागा तुटू द्यायचा नाही, एवढंच काम. बाकी सगळं त्यानंतर.

समजा तुमची बहीण तिकडे जातेय, तर तिला फोन करायचा आणि बाबाचा विषय काढायचा नाही. "जेवलीस का, दाढ दुखत होती ती दाखवलीस का, आपल्या गल्लीतली ती शेवग्याची फांदी पडली वादळात, पप्पांचं बाजाराचं आवरेपर्यंत निम्म्या शेंगा शेजाऱ्यांनी नेल्या." असं. ती तिकडचं काही सांगायला लागली तर ऐकायचं, हं हं करायचं, नाक मुरडायचं नाही. मग मध्येच एखादा साधा प्रश्न, उत्तराची वाट न बघता. "मग तिथे बरं नसलं तर सुट्टी मिळते का गं?" "तुला तिथे सगळ्यात कोण आवडतं?" "एखादी गोष्ट नाही पटली तर कोणाला सांगता?" हे प्रश्न तिने तुम्हाला उत्तर द्यावं म्हणून विचारायचे नसतात, ते तिच्या मनात पडून राहावेत म्हणून विचारायचे.

न बोलायच्या गोष्टी: "तुला ब्रेनवॉश केलंय", "आम्ही की तो, काय ते ठरव", "लोक काय म्हणतात माहितीये का". यातलं मधलं वाक्य सगळ्यात महाग पडतं कारण ती खरंच ठरवते आणि तुम्हाला जे नको होतं तेच ठरवते.

घरातल्या सगळ्यांनी हे करायची गरज नाही. एकच माणूस नेमा, ज्याच्याशी तिचं आधीपासून जमतं. आतेबहीण असेल, धाकटा दीर असेल, कॉलेजची मैत्रीण असेल. बापाने रागवायचं आणि भावाने समजवायचं असला सिनेमा करू नका, तिला लगेच कळतं. त्या नेमलेल्या माणसाने दिवाळी, भाऊबीज, वाढदिवस, आजीचं वर्षश्राद्ध, प्रत्येक वेळी बोलवायचं. नाही आली तरी पुढच्या वेळी परत बोलवायचं, टोमणा न मारता.

आणि एक डायरी ठेवा. तारीख, काय घडलं, कोण काय बोललं, किती पैसे गेले. मेसेजचे स्क्रीनशॉट तुमच्या फोनवर, तिच्या फोनला हात लावायचा नाही. पुढे पोलिस, वकील, डॉक्टर कोणाकडेही जा, पहिला प्रश्न "कधीपासून" हाच असतो आणि तेव्हा कोणालाच नीट आठवत नाही.

भेटायला जाताना

आश्रमात किंवा केंद्रावर भेटायला गेलात की तुम्हाला गोशाळा दाखवतात, स्वयंपाकघर दाखवतात, मुलं श्लोक म्हणून दाखवतात, आग्रह करून वाढतात. जेवा, छान जेवा. पण दाखवलेल्यावर जाऊ नका.

गयानाच्या जंगलातल्या जोन्सटाऊनला, म्हणजे जिम जोन्स नावाच्या अमेरिकी पास्टरच्या पंथाच्या वस्तीत, नोव्हेंबर १९७८ मध्ये अमेरिकेचे खासदार लिओ रायन चौकशीला गेले तेव्हा त्यांचं असंच जोरदार स्वागत झालं. पहिल्या रात्री गाणी, नाच, सगळे हसतमुख, रायन यांनीही भाषणात चांगले शब्द काढले. त्याच रात्री आतल्या एकाने बरोबर आलेल्या एका पत्रकाराच्या हातात चिठ्ठी सरकवली, आम्हाला इथून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, रायन यांना विमानाच्या धावपट्टीवर गोळ्या घातल्या आणि वस्तीत नऊशेहून जास्त माणसं मेली, त्यात तीनशेच्या आसपास मुलं होती. तिथल्या लोकांचे पासपोर्ट आधीच काढून घेतलेले होते, पत्रं वाचून मगच बाहेर पाठवली जायची.

तुमच्या गावाबाहेरच्या आश्रमात असलं काही चाललंय असं मी म्हणत नाहीये. पण त्या चिठ्ठीतून शिकण्यासारखं आहे. भेटीत दहा मिनिटं तरी एकटीशी बोलायला मिळतंय का ते बघा, "चल जरा गेटपर्यंत सोडायला ये" म्हणा. सतत कोणी ना कोणी बरोबर उभं राहत असेल तर तेच तुमचं उत्तर आहे. तिचा फोन कोणाकडे असतो, आधार आणि पॅनकार्ड कोणाकडे आहे, मूळ मार्कशीट कुठे आहेत, हे सहज विचारून घ्या. कागदपत्रांच्या झेरॉक्स घरी असू द्या. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टाने रोहिणीतल्या एका आश्रमाची तपासणी करायला लावली तेव्हा कुलपाआड, लोखंडी दारांमागे राहणाऱ्या बायका आणि मुली सापडल्या. राजधानीत, भर वस्तीत.

घरच्या एखाद्या माणसाचा नंबर तिला तोंडपाठ आहे का तेही बघा. ऐकायला बावळट वाटेल पण फोन काढून घेतला की आजकाल कोणालाच कोणाचा नंबर आठवत नाही.

पैशाचं बघा, लाजू नका

आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंकडे दर महिन्याला एक सेवेकरी वही घेऊन यायचा. वहीत रकाने होते, अन्नदान, गोसेवा, बांधकाम, आणि प्रत्येक रकान्यात शेजारणींचे आकडे आधीच भरलेले. कोणी मागत नव्हतं, फक्त वही पुढे सरकवायचा आणि पेन काढून द्यायचा. शेजारच्या रकान्यात ५,००१ दिसल्यावर ५०१ लिहायला हात धजत नाही. पाटल्या गेल्या त्या अशाच, कोणी लुटल्या नाहीत.

हिशोब मागायला घाबरायचं कारण नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्ट १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला असावा लागतो, विश्वस्त कोण आहेत, ऑडिट झालंय का हे तिथून कळतं. नोंदणी क्रमांक पावतीवर असतो. पावतीच देत नसतील, किंवा 'कॅशच द्या, नाहीतर अमक्या दादांच्या जीपेवर टाका' म्हणत असतील तर मग ते दान नाही, त्या दादांच्या खर्चाला पैसा आहे.

घर, जमीन, सोनं याबाबत मात्र लगेच हलायचं. मुखत्यारपत्र किंवा बक्षीसपत्र यावर सही करायची वेळ आली तर स्वतःचा वकील, ट्रस्टने दिलेला नाही. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मालमत्ता एकट्याला अशी उचलून देऊन टाकता येत नाही. शेतजमीन असेल तर फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी' या सरकारी साइटवर दिसतात, तलाठ्याकडेही कळतात, मुदतीत हरकत घ्या. आणि सही होऊन गेली असेल तरी सगळं संपलं असं नाही. करार कायद्याच्या कलम १६ मध्ये अनुचित प्रभाव नावाची गोष्ट आहे, वरचढ माणसाने आपल्या स्थानाचा फायदा घेऊन लिहून घेतलेलं रद्द होऊ शकतं. १८९० सालीच अलाहाबाद हायकोर्टासमोर असं प्रकरण आलं होतं, एका भक्ताने परलोकीच्या कल्याणासाठी आपली सगळी मालमत्ता गुरूला देऊन टाकली आणि कोर्टाने हा प्रभावाचाच प्रकार धरला. कायद्याचा अभ्यास करणारी पोरं आजही मन्नू सिंग विरुद्ध उमादत्त पांडे हा खटला वाचतात. फक्त दस्त रद्द करून घ्यायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, खरं काय ते कळल्यापासून, त्यामुळे 'बघू पुढे' करू नका.

इथे वाट बघायची नाही

वरचं सगळं संयमाचं झालं. पण तीन बाबतीत संयम नको: औषध बंद केलं असेल, लैंगिक काही असेल, किंवा लहान मूल आत असेल.

इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, टीबीचा कोर्स, मानसिक आजाराची औषधं, हे 'गुरूंनी सांगितलं म्हणून' थांबलं तर गोड बोलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

लैंगिक शोषणाच्या बाबतीत आसारामचं प्रकरण नीट समजून घ्या. २०१३ मध्ये सोळा वर्षांची विद्यार्थिनी त्याच्या गुरुकुलात आजारी पडली तर घरच्यांना सांगितलं गेलं की तिला बाधा झालीय, बापूच उतरवतील. आईवडील स्वतः भक्त, स्वतः तिला घेऊन जोधपूरजवळच्या आश्रमात गेले. पुढे कोर्टात सिद्ध झालं ते तिथेच घडलं, आईवडील त्याच आवारात असताना. पण त्याच आईवडिलांनी मुलीवर विश्वास ठेवला, दिल्लीत तक्रार दिली, साक्षीदारांवर हल्ले झाले तरी मागे हटले नाहीत, आणि २५ एप्रिल २०१८ ला त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. आता हरियाणातल्या डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमचं बघा. २००२ मध्ये एका साध्वीने पंतप्रधानांना निनावी पत्र लिहिलं, त्यात तिने हेही लिहिलं होतं की घरचे आंधळे भक्त आहेत, त्यांना सांगून उपयोग नाही. शिक्षा झाली ऑगस्ट २०१७ मध्ये. पंधरा वर्षं.

म्हणून घरातल्या पोरीने, सुनेने, किंवा पोरानेही, हो मुलग्यांच्या बाबतीतही होतं, काही चाचरत सांगितलं तर पहिलं वाक्य "तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल" हे नको. "बरं झालं सांगितलंस" म्हणा आणि गप्प बसून ऐका. गुरू एकट्या बाईला किंवा मुलाला बंद खोलीत भेटतो, बाहेर कोणीतरी पहाऱ्याला असतं, आत जे झालं ते कोणाला सांगितलं तर फळ मिळणार नाही म्हणतात, यातली एक गोष्ट जरी ऐकली तरी तिथे परत पाठवायचं नाही. त्या दिवशीचे कपडे धुवायचे नाहीत.

अठरा वर्षांखालचं मूल असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, लपवणं गुन्हा आहे. लहान मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, तातडीला ११२. घटना दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात घडली तरी जवळच्या ठाण्याने झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता तक्रार, घ्यायलाच पाहिजे, आसारामचं प्रकरणसुद्धा जोधपूरचं आणि तक्रार दिल्लीची होती.

महाराष्ट्रात वेगळा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वर पुलावर खून झाला आणि इतकी वर्षं अडकून पडलेल्या कायद्याचा वटहुकूम चारच दिवसांत निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. चमत्काराच्या नावावर लोकांना फसवून पैसे काढणं, अंगात शक्ती आहे किंवा मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस असं सांगून शारीरिक संबंध ठेवणं, साप-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हे त्यात येतं. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, अजामीनपात्र. साधा देवधर्म, पारायण, वारी याला हा कायदा हात लावत नाही, लावतो अशी अफवा अजून फिरते म्हणून सांगितलं. ठाण्यात कायदा माहीत नाही असा आव आणला तर दक्षता अधिकारी कोण आहेत ते विचारा, या कायद्यात ते पद आहे. अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, जिल्ह्यातल्या शाखेचे कार्यकर्ते बरोबर यायला तयार असतात, त्यांना कलमं पाठ असतात.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करा. सज्ञान माणूस कोर्टासमोर उभं राहून "मी माझ्या मर्जीने राहते" म्हणाला तर तिथे प्रकरण संपतं. २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या एका वडिलांची आपल्या दोन मोठ्या मुलींबद्दलची याचिका सुप्रीम कोर्टात अशीच बंद झाली. त्यामुळे चार पोरं घेऊन गाडीत घालून आणू, असलं काही डोक्यात असेल तर काढून टाका. तो तुमच्यावरच गुन्हा होतो आणि ती कायमची जाते.

परत आल्यावर

परत येतात बरं का, बरेच येतात. कधी पैशावरून, कधी गुरूच्या एखाद्या वागण्यावरून, कधी नुसते थकून. त्या दिवशी चहा टाका, अंथरूण घाला, आणि "सांगितलं होतं ना" हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी गिळा, शेजारच्या काकूंनाही आधी गाठून सांगून ठेवा.

नंतरचे काही महिने विचित्र जातात. भाजी कुठली करायची हेही ठरवता येत नाही कारण इतकी वर्षं आज्ञेने चाललेलं असतं. रात्री दचकून उठणं, पोराला साधा ताप आला तरी "कोप झाला" म्हणून रडणं, अचानक त्यांची आठवण येऊन परत जावंसं वाटणं, हे सगळं होतं. मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. चांगला मानसोपचारतज्ज्ञ मिळाला तर उत्तम. देवाला दिवा लावावासा वाटला तर लावू द्या, अजिबात नको वाटला तरी चालेल. आणि कृपा करून "आमचे महाराज खरे आहेत, त्यांच्याकडे नेऊया" म्हणणाऱ्या मामांना थोडे दिवस घरी बोलवू नका.

गटातले लोक येणार हे धरून चाला. पहिल्यांदा दोघी येतील, रडतील, "तुझ्याशिवाय केंद्र सुनं वाटतं" म्हणतील, आणि ते खरंही असेल. भेटायचं की नाही हे तिने ठरवायचं, तुम्ही नाही, भेटलीच तर घरात, तुम्ही शेजारच्या खोलीत. फोन नंबर बदलायचा तर बँकेचा आणि आधारचा ओटीपी कुठे जातो ते आधी बघा. पुढच्या टप्प्यात गुपितांची धमकी येऊ शकते, तेव्हा घरात तिने स्वतःच एकदा सांगून टाकलं असेल तर त्या धमकीत दम राहत नाही, म्हणून ऐकायची तयारी ठेवा आणि ऐकल्यावर चेहरा सरळ ठेवा. धमकीचा मेसेज आला तर डिलीट करू नका, उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट काढून ठाण्यात द्या.

आणि सगळं गावच किंवा सगळा समाजच त्या गटाचा असेल, लग्नाला बोलवत नाहीत, दुकानात माल देत नाहीत, पोरांशी कोणी खेळत नाही असं सुरू झालं तर त्यालाही महाराष्ट्रात कायदा आहे. १९४९ मध्ये मुंबई राज्याने वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता, तो १९६२ ला दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने रद्द केला, मग २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरोधातला नवा कायदा आला, जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार तिला स्वतःला किंवा घरच्या कोणालाही पोलिसांत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे करता येते. बहिष्काराचा ठराव बैठकीत झाला असेल तर बैठकीची तारीख, जागा आणि कोण कोण हजर होतं ते त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवा.